कोल्ह्याचा पाला

वायराकंचाच्या डोंगरवस्तीत खोकला झाला की माणूस आधी नासारिया मेर्माच्या दाराशी जातं, मग डोंगरबाबाला सांगतं, आणि दोघांनीही हात टेकले तरच खालच्या दवाखान्याची वाट धरतं. ही रीत नासारियानं पाडलेली नाही. पास्कुआला नावाची तिची मावशी होती तेव्हापासून ती चालत आलेली. पास्कुआला गेली आणि रीत नासारियाच्या गळ्यात पडली, घरातलं म्हातारं कुत्रं थोरल्या लेकीच्या गळ्यात पडतं तशी.

औषध एकच, वामानरिपा. काळ्या खिंडीच्या वर, जिथं गवत थकतं आणि नुसता दगड उरतो, तिथं बर्फाच्या कडेला वीतभर वाढणारं झुडूप. पान पांढरट, म्हाताऱ्याच्या कानावर असते तशी लव असलेलं. फूल पिवळं, नखाएवढं. सुकवून उकळलं की छातीतला कफ सुटतो. आणि त्याच कडेला, त्याच दगडाच्या आडोशाला आणखी एक झुडूप येतं. तेच पान, तीच लव, तेच फूल. ती कोल्ह्याची वामानरिपा. दिसायला खरं पण कामाला खोटं, असं जे जे असेल ते आमच्याकडं कोल्ह्याच्या नावावर घालतात. रानातला कडू बटाटा तो कोल्ह्याचा बटाटा, आणि गोड बोलून लोकर कमी भावात नेणारा व्यापारी तो कोल्ह्याचा मेव्हणा.

कोल्ह्याला एकदा खोकला झाला, असं सांगतात. डोंगरबाबा म्हणाला, वर जा, पाला खा, पण पहिलं दिसेल ते झुडूप सोड. ती आजी आहे. तिला विचार आणि तिच्या नातींचा पाला घे. कोल्हा तो कोल्हा. त्यानं आजीच खाल्ली आणि वर तिथंच मुतून आला. त्या मुतातून जे उगवलं ते कोल्ह्याचं. म्हणून आजही वर गेलेलं माणूस पहिलं झुडूप तोडत नाही. त्याच्या बुडाशी कोकाची तीन पानं ठेवतं, "आज्जे, तुझ्या नाती दाव," म्हणतं आणि पुढं सरकतं.

कोल्ह्याचा पाला पिऊन धडधाकट माणूस मरत नाही. आतडं पिळवटून निघतं, दोन दिवस भांड्यापासून हलता येत नाही, आणि खोकला असतो तिथंच राहतो. पण पोटुशा बाईनं तो पिऊ नये. पोटातलं राहत नाही, असं जुन्या बायका सांगतात, आणि कुणाच्या घरी हे झालं होतं तेही नाव घेऊन सांगतात.

पास्कुआलानं भाचीला शिकवलं ते डोळे बांधून. नासारिया तेव्हा सात वर्षांची. खिंडीच्या वर नेऊन मावशी पाठीवरच्या चादरीनं तिचे डोळे बांधायची आणि म्हणायची, "रांग." पोर हातापायावर रांगायची, दगडांवर गुडघे फोडून घ्यायची. पान हाताला लागलं की चुरडायचं आणि नाकाला लावायचं. खरं असलं तर "आज्जे" म्हणायचं, कोल्ह्याचं असलं तर थुंकायचं. चुकली की पाठीत काठी.

"डोळा बाजारात न्यायचा," मावशी म्हणायची. "हितं नाक. डोळ्याला कुनीबी फसवतंय, नवरासुदिक."

वास असतो तो ओल्या पानालाच. एकदा सुकलं की दोन्ही पाले सारखे, वाळक्या गवताचे. त्यामुळं ओळखायचं ते वरच, तोडतानाच. घरात आणलेल्या पाल्याला मग तोडणारणीच्या शब्दाशिवाय आधार नाही. तो वास कसा असतो, असं कुणी विचारलं तर नासारियाला सांगता यायचं नाही. "वामानरिपासारखा," एवढंच म्हणायची. विचारणाराही मान हलवायचा.

नवरा तिला ह्या पाल्यापायीच मिळाला. इलारियो पलीकडच्या वस्तीतला. खोकत खोकत आला आणि तीन वेळा पाला घेऊन गेला. चौथ्यांदा आला तेव्हा तिनं सरळ त्याच्या छातीला कान लावला.

"तुज्या छातीत कफ न्हाई."

"मंग काय हाय?"

"ते मला कशाला इचारतोस? तुज्या आईला सांग, कोकाची पानं घिऊन माज्या मावशीकडं ये म्हनावं."

आई आली. पानं आली, दारूची बाटली आली, लग्न झालं. पुढं तीस वर्षं इलारियो तिच्यासंगं खिंडीत जात राहिला. तोडायला ती त्याला हात लावू द्यायची नाही. "तुजं नाक म्हंजी निस्ती टोपी अडकवायची खुटी," म्हणायची. तो बापडा खडकावर बसून कोका चघळायचा आणि उतरताना पाल्याचं गाठोडं पोंचोच्या आत छातीशी धरून आणायचा. सहा वर्षांमागं तो गेला. बाकीचे कपडे तिनं रीतीप्रमाणं धुऊन जाळले. पोंचो मात्र पेटीत ठेवला. अधूनमधून ती पेटी उघडायची, पोंचोत तोंड खुपसायची आणि घडी घालून पुन्हा झाकण लावायची. ह्याची वाच्यता तिनं कुठं केली नव्हती.

गेल्या थंडीत तिला ताप आला. चार दिवस अंथरुणात काढले. पाचव्या दिवशी उठून चूल पेटवली तर तिला वाटलं, लेंड्या पेटल्याच नाहीत. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण त्याला वास नव्हता. तिनं कोकाचं पान हुंगलं. मुनिया म्हणतात तो रानपुदिना हातावर चोळून हुंगला. गोठ्यात जाऊन अल्पाकांच्या मुताच्या थारोळ्यावर वाकून उभी राहिली. काहीच नाही. जगावर कुणीतरी झाकण ठेवल्यासारखं झालं होतं.

मग ती घरात आली आणि तिनं पेटी उघडली. पोंचोत तोंड खुपसलं. लोकर गालाला टोचली, एवढंच. ती पेटीच्या कडेला बसून राहिली. पाल्याचं काय व्हायचं ते होवो, असं त्या घटकेला तिला वाटलं.

नाक परत येईल म्हणून महिनाभर वाट बघितली. आलं नाही. सांगावं तर कुणाला? पोरगा एकच, तो खाणीच्या गावाला. वस्तीतल्या पोरी शाळेसाठी खाली जातात, त्या कशाला डोळे बांधून रांगतील? पांगळ्याला काठी असते. नाक गेलेल्या पालेवालीला काय असतं? तिनं तोंड मिटून घेतलं.

तशात एक दिवस कुणीतरी पाला मागितला आणि तिला वर जावं लागलं. मागोमाग सरपंचीण चालत आली. सरपंचीण म्हणजे नासारियाची म्हातारी अल्पाका. आई मेली तेव्हा नासारियानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मान ताठ, हनुवटी वर, चालताना खालच्या कुणाकडं म्हणून बघायची नाही. ते नाव तिला वस्तीनंच दिलं. खिंडीवर नासारियानं आजीपुढं तीन पानं ठेवली आणि पुढच्या झुडपाचं पान चुरडून सवयीनं नाकाला नेलं. नाक मुकं. ती तशीच हात पुढं धरून उभी राहिली, तर सरपंचिणीनं तोंड घालून ते पान अलगद उचललं आणि चावत बसली. पुढच्या झुडपाचं पान धरलं तर तिनं कान मागं टाकले आणि हिरवी पिंक मारली ती थेट नासारियाच्या घागऱ्यावर.

नासारियानं घागऱ्याकडं बघितलं, झुडपाकडं बघितलं, मग सरपंचिणीच्या तोंडाकडं बघितलं.

"तुला मावशीनं कवा शिकिवलं गं?" ती म्हणाली.

त्या दिवशीचा पाला तिनं सुकवून आधी स्वतः प्यायला. पोटात काही झालं नाही. दुसऱ्या खेपेचाही प्यायला. तिसऱ्या खेपेपासून तिचा भरवसा बसला. वस्तीला एवढंच दिसत होतं की म्हातारी हल्ली म्हाताऱ्या अल्पाकाला घेऊन फिरायला जाते. "एकटीला करमत न्हाई," असं लोक आपसांत म्हणायचे. वर्षभर वस्तीचा खोकला सरपंचिणीच्या नाकावर चालला, आणि चांगला चालला.

आमच्याकडं जुलै म्हणजे ऐन थंडी. औंदा जुलैत मात्र कडाका असा पडला की पठारावरचं गवत मुळापासून करपलं. अल्पाका दगडावरचं शेवाळ खरवडायला लागल्या. सरपंचिणीच्या बरगड्या लोकरीतूनही हाताला लागायच्या. अशा दिवसांत नासारिया तिला घेऊन वर गेली. आडोशाच्या कपारीत झुडपं तग धरून होती. नासारिया पान धरी आणि सरपंचीण खाई. दुसरं धरी, तेही खाई. एकदाही कान मागं गेले नाहीत. एवढी सगळी झुडपं खरी कधी निघाली नव्हती. डोंगरबाबा पावला, असं नासारियाला वाटलं. म्हातारपणी चांगलं काही घडलं तर माणूस ते तपासून बघत नाही. तिनं पोतं भरलं, घरी आणून भिंतीच्या उन्हात आठ दिवस पाला सुकवला आणि जुड्या बांधल्या. सगळ्या थंडीची बेगमी झाली.

पहिली जुडी लेआंद्रानं मागून नेली. लेआंद्राच्या थोरल्या लेकीचं जावळ नासारियानं काढलं होतं. त्या कातरीनं दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, आणि आमच्याकडं ते नातं सख्ख्या बहिणीच्याही वर. चाळीस वर्षांत दोघींचं पटलं असा दिवस विरळा आणि बोलणं बंद झालं असा एकही नाही. लेआंद्राच्या सुनेला, बेनिताला, सातवा महिना होता आणि खोकल्यानं तिचं पोट दगडासारखं घट्ट व्हायचं.

"अशीच खोकली तर लेकरू वेळंआदी भाईर येईल, म्हनती सुईन," लेआंद्रा म्हणाली होती.

"तीन दिस पाज," नासारिया म्हणाली होती. "थांबंल."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सांगावा आला. लेआंद्रा आजारी आहे, उलट्या थांबत नाहीत. नासारिया चादर पाठीवर टाकून निघाली ती वाटेत कुठं टेकली नाही.

दारात बेनिताच उभी होती, पोटावर हात धरून, खोकत. "मावशी, सासूबाईंनी जत्रंतलं डुकराचं मटन खाल्लं, त्ये बाधलंय," ती म्हणाली.

आत लेआंद्रा मेंढीच्या कातड्यावर पडली होती. तोंड राखेच्या रंगाचं. उशाला भांडं, भांड्यात हिरवं पाणी. चुलीपाशी किटली आणि किटलीत पाला. नासारियानं ते सगळं बघितलं आणि दाराच्या चौकटीला हात टेकला.

"बेनितानं प्याला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"शपथ?"

"भुईमायची शपथ. थेंबबी न्हाई. बस आता, पडशील. एक पडलीया ती पुरे."

नासारिया भुईवरच बसली. बाहेर बेनिता खोकत होती.

"डुकराचं मटन व्हतं गं," लेआंद्रा म्हणाली.

"तू जत्रंला गेलीच न्हाईस. तुजं गुडगं गेलं व्हतं."

"मंग कुनीतरी आनून दिलं आसंल."

"लेआंद्रा, त्यो कोल्ह्याचा पाला हाय."

"ते मला सांगतीस व्हय? पोटात काय रातभर कोल्हंच नाचलं."

नासारियानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. "मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "वरीस झालं."

"ठावं हाय."

"तुला कुनी सांगितलं?"

"कार्निवलला माजी सुक्या बटाट्याची आमटी करपली. सगळ्या पावन्यांनी नाकं दाबली. माज्या नवऱ्यानं वाटी कुत्र्याफुडं ठिवली, कुत्रं उठून गेलं. आन् तू दोन वाट्या खाऊन म्हनालीस, कोमाद्रे, बेस झालीया. चाळीस वर्सांत तू माज्या सैपाकाला कवा बेस म्हनालीस? मी तवाच वळखलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हून थांबले. तुजं नाक, तू सांगायचं."

नासारियाच्या मनात काहीतरी जुळत होतं आणि ते तिला नको होतं. "आन् ठावं आसून जुडी न्हेलीस? पोटुशा सुनंसाटी?"

लेआंद्रानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. "आदी मी प्याचे. परत्येक जुडी. एक रात थांबाचे, काय झालं न्हाई तर फुडं द्याचे. घरात बी, शेजारी बी. नव्या जुडीचं तेवडं पानी मला दे, माजीबी छाती दुखती, म्हनाचे."

"सगळ्या वस्तीत?"

"मंग काय करू? तुजं नाव घिऊन लोक पाला पितात. तुजं नाव खराब झालं तर माज्या लेकीच्या जावळाचं काय?"

नासारियानं किटली उचलली, बाहेर जाऊन पाला उकिरड्यावर ओतला आणि किटली राखेनं तीनदा घासली. परत आली तेव्हा लेआंद्रा विचारत होती, "सरपंचिनीनं पास केलं नव्हतं व्हय गं?"

"तेबी ठावं हाय तुला?"

"म्हातारी अल्पाका घिऊन खिंडीत कोन हवा खायाला जातंय?"

"केलं व्हतं पास. ह्या खेपंला सगळंच पास केलं."

"जनावराच्या पोटात आठ दिस काडी न्हाई," लेआंद्रा म्हणाली, "आन् तू त्याला पंच केलंस. उपाशी पंच काय बी पास करतंय, बये."

नासारिया घरी आली. सरपंचीण अंगणात खराट्याच्या काड्या चावत होती. शेजारी जुड्यांची रास होती. तीस-बत्तीस जुड्या, सगळ्या एकसारख्या. त्यांतल्या खऱ्या किती आणि कोल्ह्याच्या किती, हे आता पास्कुआला मावशी उठून आली असती तरी सांगू शकली नसती. दोन जुड्या रविवारी न्यायच्या म्हणून वरच्या वाड्यांतल्या बायकांनी सांगून ठेवल्या होत्या.

लेआंद्रानं निघताना बजावलं होतं, पाला गुपचूप जाळ, उंदरांनी खाल्ला म्हण, डुकराचं मी बघते. पण रविवारी वस्ती सभेला जमली तेव्हा नासारिया पोतं पाठीवर घेऊन तिथं गेली. सगळ्यांच्या मधोमध लेंड्यांचा जाळ केला आणि त्यात पोतं उलटं केलं. लोक बघत राहिले. मग तिनं सांगितलं. नाकाचं सांगितलं, सरपंचिणीचं सांगितलं, लेआंद्राच्या पोटाचंही सांगितलं. लांबण लावली नाही.

ओला पाला असता तर निदान ओळखू आला असता. वाळक्याचा नुसता धूर निघत होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागत होता.

शेवटी म्हातारा तोरिबियो, जो सभेत कायम शेवटी बोलतो, त्यानं घसा खाकरला. "म्हंजी वरीसभर आमी अल्पाकाचं औशिद पितोय?"

"व्हय, बाबा," नासारिया म्हणाली.

"तरीच," तोरिबियो म्हणाला. "खोकला गेला पन कुनी आडवं बोललं की थुकाया येतंय."

आधी एक हसला, मग दोघं, मग बायका चादरीआड. हसू ओसरल्यावर मात्र तोरिबियोच्याच सुनेनं विचारलं, "आता पाला कोन आननार?" नासारियाकडं कुणी रागानं बघितलं नाही. पण बघितलं ते रिकाम्या हौदाकडं बघतात तसं, आणि तिला ते रागाहून जड गेलं.

लेआंद्रा आठव्या दिवशी उभी राहिली. बेनिताचा खोकला तसाच होता, आणि त्या पोटानं खालच्या दवाखान्याची वाट तिला झेपणारी नव्हती. सुईण दोनदा येऊन पोट चाचपून गेली आणि दोन्ही वेळा काही न बोलता गेली. नवव्या दिवशी सकाळी लेआंद्रा काठी टेकत नासारियाच्या अंगणात आली.

"ऊठ. वर जाऊ."

"कशाला? माजं नाक हाय का?"

"माजं हाय की. मोटं हाय, सगळी वस्ती म्हनती. शिकव."

"साठीत? मी सातव्या वर्षी शिकले."

"तवा तू बावळट व्हतीस, तुला येळ लागला. मला बेनिताच्या पोटाएवडाच येळ हाय."

"आन् तू बरूबर वळखलंस का चुकलीस, हे कसं कळायचं? तू हुंगशील, मला काय कळनार?"

लेआंद्रानं काठीनं सरपंचिणीकडं दाखवलं. "पंचाला आदी जेवाया घाल."

आदल्या सालच्या ओट्सच्या वाळल्या काडाची एक पेंढी लेआंद्राच्या माळ्यावर राहिली होती. ती तिनं पाठीवर बांधूनच आणली होती. खिंड चढायला दोघींना अर्धा दिवस लागला. लेआंद्राचे गुडघे दर शंभर पावलांना सभा भरवत होते. वर पोचल्यावर त्यांनी आधी पेंढी सोडली. सरपंचिणीनं ती शेवटच्या काडीपर्यंत खाल्ली, मग पाय दुमडून बसली, चघळत बसली आणि पुन्हा पूर्वीसारखी हनुवटी वर करून कुणाकडंच बघेनाशी झाली.

"आता ती सरपंचीन दिसती," नासारिया म्हणाली.

पहिल्या झुडपापुढं दोघींनी तीन-तीन पानं ठेवली. मग नासारियानं पाठीवरची चादर सोडली आणि लेआंद्राचे डोळे बांधले. गाठ मारताना तिला हातात लेआंद्राच्या पांढऱ्या वेण्या लागल्या. त्या इतक्या बारीक कधी झाल्या, हे तिनं बघितलं नव्हतं.

"रांग," ती म्हणाली.

"गुडगं हायेत का मला? बसून सरकते."

ती बसून सरकली. हाताला लागलेलं पान चुरडून तिनं नाकाला लावलं आणि बराच वेळ तशीच बसली.

"काय हाय?" नासारियानं विचारलं.

"पाला हाय."

"ते मला दिसतंय. खरा का खोटा?"

"थांब गं. चाळीस वर्सं तू थांबलीस का कुनासाटी?" तिनं पुन्हा हुंगलं. "खरा."

नासारियानं त्याच झुडपाचं पान सरपंचिणीच्या तोंडाशी धरलं. सरपंचिणीनं कान मागं टाकले. पिंक लेआंद्राच्या खांद्यावर पडली.

"मावशी आसती तर काठी बसली आसती," नासारिया म्हणाली. "तू सस्त्यात सुटलीस. त्यो वास धेनात ठेव. त्यो कोल्ह्याचा."

"वल्या कुत्र्यावानी हाय."

"आसंल. धेनात ठेव."

दुसरं पानही कोल्ह्याचं निघालं, पण ह्या वेळी लेआंद्रा आधी थुंकली आणि सरपंचीण मागून. तिसऱ्या पानाला ती चुकली. चौथ्याला बरोबर थुंकली. ऊन कलायला लागलं होतं आणि हातात घ्यावा असा एकही पाला अजून मिळाला नव्हता. पाचवं झुडूप एका कपारीत आत होतं. लेआंद्रानं कोपरापर्यंत हात घातला, पान खुडलं, चुरडलं आणि नाकाशी नेलं. तिचा हात तिथंच थांबला.

"हे तर मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं ठावं आसंल? तू कवा वर आली न्हाईस."

"वर न्हाई गं. दारात. तुजा इलारियो आमच्या दारात आला की ह्योच वास याचा. तीस वर्सं मला वाटत व्हतं, ह्यो मानूस आंगोळच करीत न्हाई."

नासारियानं पान सरपंचिणीपुढं धरलं. सरपंचिणीनं ते ओठांनी अलगद घेतलं आणि हनुवटी वर करून चावत राहिली. नासारियानं तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो काढला नाही. गाठोडं पोंचोखाली छातीशी धरून उतरणारा माणूस तिला खडकाखडकावर दिसत होता.

"काय म्हनती पंच?" लेआंद्रानं विचारलं. डोळे अजून बांधलेले होते.

"खरा हाय."

"मंग झालं. आता मला कळलं. इलारियो वाटला तर तोडायचा, कुत्रं वाटलं तर थुकायचं."

त्यानंतर ती चुकली नाही. ती हुंगायची, नासारिया तोडायची, आणि सरपंचीण दर वेळी पान चावून शिक्का मारायची. बेनिताला महिनाभर पुरेल एवढा पाला चादरीत जमला. वरच्या वाड्यांतल्या बायकांपुरताही जमला. सावली खिंडीला लागली तेव्हा लेआंद्रानं डोळ्यांवरची चादर ओढून काढली.

"चल. आंधारायच्या आत उतरू. माज्या गुडग्यांनी ठराव केलाय."

नासारिया बसलेलीच होती.

"आजून एक पान चुरड," ती म्हणाली.

"पुरं झालं की गं. बांदलं बी."

"तोडायला न्हवं. चुरड आन् मला सांग. कसा येतोय ते सांग."

लेआंद्रानं तिच्याकडं बघितलं. मग गुडघ्यांना शिव्या देत पुन्हा तिच्याशेजारी टेकली, कपारीत हात घालून एक पान खुडलं, तळहातावर चोळलं आणि डोळे मिटून सांगायला लागली.